जमजुम्मी आणि बिदरीची वही

जमजुम्मी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत, पोहे खाताना.

आमच्याकडे इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडम रोज गोंदियाहून येतात. ख्रिस्ती आहेत. रिकाम्या तासाला आपल्या धर्मग्रंथाची मराठी प्रत उघडून बसतात, पेन्सिलीनं बारीक खुणा करतात. त्या दिवशी त्या वाचता वाचता हसल्या. मी सहसा कोणाला काही विचारत नाही. आमच्या शाळेत मला 'मुके सर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी विचारलं.

"काही नाही हो सर, एक नाव आलंय. जमजुम्मी. मोठ्यानं म्हणून पाहा ना."

मी म्हटलं. तोंडात मधमाशी शिरल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी सांगितलं. यार्देन नदीच्या पूर्वेला एक मुलूख होता. तिथं आधी कोणी उंचेपुरे, संख्येनं पुष्कळ असे लोक राहत. पुढे अम्मोनी नावाचे लोक आले, त्यांनी या आधीच्यांना हुसकून लावलं आणि त्यांच्या जागी वस्ती केली. ज्यांना हुसकलं त्यांना हे अम्मोनी जमजुम्मी म्हणत. मूळ हिब्रूत जमजुम्मीम, शेवटचा 'ईम' अनेकवचनाचा. ग्रंथात हा मजकूर दोन ओळींचा. पुढे हे नाव पुन्हा कुठं येत नाही.

"म्हणजे हे नाव त्यांचं स्वतःचं नाही?" मी विचारलं.

"छे हो. ज्यांनी जागा घेतली, त्यांनीच नाव ठेवलं."

"आणि अर्थ काय त्याचा?"

"ते मला नाही सांगता येणार. आमचे मामा सांगतील. ते पाळक होते, हिब्रू शिकलेत. पण सर, तुम्हाला काय करायचंय?"

मी मामांचा पत्ता तेवढा लिहून घेतला. पोहे गार झाले.

त्या आठवड्यात मोबाईलवर शोधलं. एका ठिकाणी एक अर्थ, दुसऱ्या ठिकाणी दुसरा, तिसऱ्या ठिकाणी हे लोक राक्षस होते म्हणून चित्र काढलेलं. रविवारी मोटरसायकल काढली आणि गोंदियाला गेलो. मामांचं घर एका राईस मिलच्या मागच्या गल्लीत. टेबलावर, चष्म्यावर, पुस्तकांवर कोंड्याची बारीक भुकटी. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र खणखणीत. गोंदियाच्या माणसासारखे तेही हिंदीतच सुरू झाले.

"देखिए सर, पक्का कोई नहीं बता सकता. जो पक्का बताए, उससे दूर रहना."

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. काही जाणकार म्हणतात, हे नाव म्हणजे आवाजाची नक्कल आहे. जम-जम, झुम-झुम. ज्यांची बोली कळत नाही, त्यांचं बोलणं आपल्याला नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येतं; म्हणून 'पुटपुटणारे', 'गुणगुणणारे'. अरबीत यासारखाच एक शब्द आहे, दुरून येणाऱ्या अस्पष्ट आवाजासाठी. ग्रीक लोकही परक्यांना असंच म्हणायचे, त्यांचं बोलणं बर-बर ऐकू यायचं म्हणून. दुसरे जाणकार म्हणतात, नाही, हिब्रूत मनात बेत रचण्यासाठी एक क्रियापद आहे, त्यातून आलं. म्हणजे 'डाव रचणारे'. एके ठिकाणी झूझीम नावाचे लोक येतात, तेही कदाचित हेच.

"आणि गंमत ऐका," मामा म्हणाले. "शेजारी मवाबी होते. त्यांनीही तसल्याच लोकांना हटवलं, आणि त्यांना एमीम म्हटलं. म्हणजे भयंकर. आणि हिब्रू लिहिणारे सगळ्यांना मिळून रफाईम म्हणत. आता रफाईम हा शब्द मेलेल्यांच्या सावल्यांसाठीही येतो."

"एकाला पुटपुटणारे, दुसऱ्याला भयंकर, आणि सगळ्यांना मेलेले?"

"हाँ."

"ते स्वतःला काय म्हणत होते?"

"वो कहीं लिखा नहीं है."

"का नाही लिहिलं?"

म्हातारा हसला. "लिखने वाला कौन था, सर? जो बाद में आया, वही ना."

त्यांनी चहा मागवला. मी तो न पिताच उठलो, काहीतरी कारण सांगून. मोटरसायकल काढली आणि वाटेत कुठं न थांबता गाव गाठलं. कारण माझ्या गावात एक वही होती, आणि ती लिहिणारा मी होतो.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

आम्ही पोवार. आमचे पूर्वज माळव्यातून आले, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लग्नात सांगतात, मयतीत सांगतात. आलो तेव्हा इथं कोण होतं, हे कोणी सांगत नाही. गोंड होते. गोंड हे नावही दुसऱ्यांनी ठेवलेलं. ते आपल्या बोलीत स्वतःला कोयतूर म्हणतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. एकाच गावात जन्म काढून.

आमच्या गावात जमिनी बहुतेक आमच्या लोकांकडे आहेत. पण धान पेरायच्या आधीची पूजा, बिदरी, ती आम्ही करू शकत नाही. ती गोंडांच्या भुमक्यानंच, म्हणजे त्यांच्या गावपुजाऱ्यानंच करायची. माती आधी ज्यांची, तिच्याशी बोलायचं त्यांनीच, असा रिवाज. प्रत्येक घरातून पळसाच्या दोन्यात मूठभर बी-धान जातं. शिवेवरच्या दगडापाशी भुमका ते सगळं एकत्र करतो, त्यांच्या बोलीत बराच वेळ काही म्हणतो, आणि मग एकेका घराला मूठ परत देतो. ती मूठ आपल्या बियाण्यात मिसळायची, तेव्हाच रोपांसाठी पऱ्हे टाकायचे. चाळीस एकरवाला पाटीलही दोना घेऊन ओळीत उभा राहतो. काय म्हणतो भुमका, ते आमच्यातल्या कोणालाच कळत नसे. लहानपणी आम्ही ओळीत उभे राहून त्याची नक्कल करायचो. झुम झुम, रुम रुम. माझी नक्कल सगळ्यात चांगली व्हायची.

मी नुकताच मास्तर झालो होतो तेव्हाची गोष्ट. तिशीही गाठली नव्हती. त्या वेळचा भुमका म्हातारा झाला होता. त्याचा एकुलता मुलगा, माझ्याहून काही वर्षांनी लहान, कामाला नागपूरला निघून गेलेला. एका सकाळी म्हातारा माझ्या ओसरीशी येऊन उभा राहिला. हातात चारोळीचा दोना.

"गुरुजी, बिदरीचा लिवून ठेवा. मी मेलो का संपला. पोरगा तठी मशीन चालवून राहिला, त्याले आठवन नाई."

"बाबा, मला तुमची बोली येत नाही."

"मी सांगतो, तुमी लिवा. तुमच्या अक्षरात. पोरगा वाचन."

मी नवी वही आणली. रोज सकाळी शाळेआधी तो यायचा, डोळे मिटून म्हणायचा, मी देवनागरीत उतरवायचो. अडचण एकच होती. ते मधून सुरू करता येत नसे. मी "थांबा, पुन्हा सांगा" म्हटलं की म्हातारा पार पहिल्यापासून सुरू करायचा. तोडलेलं जोडायचं नाही, असा त्यांचा नियम. एका शब्दासाठी अर्धा तास जायचा. तरी पहिले चार दिवस मी नेटानं लिहिलं. मध्ये मध्ये तो डोळे उघडून अर्थ सांगायचा. ही मंतरं नव्हतीच. ती नावं होती. अमक्या नाल्याजवळचं रान कोणी तोडलं, अमकी बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, कोणी बांधली, अमका दगड कोणी रोवला. गाव फिरावं तसं ते फिरत जायचं, पूर्वेकडून सुरू होऊन, एकेका जागेवर थांबून, तिथं पहिल्यांदा माती फोडणाऱ्याचं नाव घेऊन.

पाचव्या दिवसापासून मी लिहिणं सोडलं.

म्हणजे पेन चालत होतं. म्हातारा म्हणत होता आणि मी काहीही लिहीत होतो. रुमा, झुमा, कोरे, तोरे. लहानपणी ओळीत उभा राहून जे करायचो, तेच आता शाईनं. आठ दिवसांत वही पूर्ण झाली. सव्वीस पानं. त्यातली तेरा खरी, तेरा माझी. म्हाताऱ्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, फडक्यात गुंडाळली. त्याला अक्षरओळख नव्हती.

बारा वर्षांनी तो गेला. मुलगा परत आला, भुमका झाला. त्याला घरातली गोंडी बोली येत होती. पहिली तेरा पानं त्याला कळली. पुढची कळली नाहीत, पण त्यानं ठरवलं की ती फार जुनी बोली असणार, बापालाच येणारी, आणि गावातल्या बाकीच्या गोंडांनीही तेच मानलं. त्यानं ती पाठ केली. गेली अकरा वर्षं दर बिदरीला मी हातात दोना घेऊन ओळीत उभा राहतो, आणि हा चाळिशी पार केलेला माणूस, डोळे मिटून, भक्तीनं, माझी बडबड धरणीला ऐकवतो. माझे शेजारी हात जोडून ऐकतात. मीही जोडतो.

तरी मी गप्पच राहिलो असतो. माझा स्वभाव मला माहीत आहे. पण गोंदियाहून परत आलो त्याच आठवड्यात तो भुमका मला बाजारात भेटला. खूश होता.

"गुरुजी, माघ पुनवेले कचारगडच्या जत्रेले जाऊन राहिलो. आमच्या इकडचे सारे भुमके जमून राहिले तठी. ज्याच्या त्याच्या गावची बिदरी म्हनून दाखवाची. बुजुर्ग लोक आयकनार, अन् कोनाची कोठी अडली तं दुरुस्त करनार. बाबाची वही घेऊन जातो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते मागचे पानं मले समजत नाई ना, ते त्याइले इचारतो. त्याइले समजन."

त्यांना समजेल, यात शंका नव्हती. जाणत्या म्हाताऱ्यांपुढे हा उभा राहील, बापाचं म्हणून माझं झुम झुम म्हणेल, आणि ते एकमेकांकडे पाहतील. पुनवेला नऊ दिवस होते.

सहा दिवस मी काही केलं नाही. सातव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बैलाच्या खुराला हळद लावत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर जमलं नसतं.

त्यानं बैलाचा खूर खाली ठेवला. मग हात धुतले, आत गेला, वही आणली, फडकं सोडलं आणि माझ्यापुढे धरली.

"कोन्त्या पानापासून?"

मी दाखवलं.

त्यानं ते पान ओठ हलवत पुन्हा वाचलं. "अकरा वर्ष," तो म्हणाला. "अकरा वर्ष म्हनून राहिलो मी हे. काऊन गुरुजी? येत नोहोता तं नाई म्हनाचा होता. बाबा दुसरा पायला असता."

"कंटाळा आला होता," मी म्हणालो. "पुन्हा पुन्हा पहिल्यापासून..."

हे कारण मी स्वतःलाही तेवीस वर्षं सांगत आलो होतो. पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. वहीत बोट ठेवून मागची ओळ वाचत होता, शेवटची खरी ओळ. "नाल्याच्या खालतं... बोडीच्या पारीवरून... मंग इथून कोठी जातं ते?" तो मनातल्या मनात गाव चालत होता. नाला, पार, त्यानंतर येणारी बांधी. मग त्यानं मान वर केली.

"तुमची बोडीची बांधी येते इथं."

"हो," मी म्हणालो.

आमची सगळ्यात चांगली बांधी, बोडीच्या, म्हणजे गावच्या छोट्या तळ्याच्या पाण्याखालची. माझ्या आजोबांनी मिळवलेली; कशी मिळवली ते घरात कोणी बोलत नाही. पाचव्या दिवशी म्हाताऱ्यानं डोळे उघडून मला सांगितलं होतं की ती बोडी कोणी खोदली, त्यांच्या घराण्यातल्या कोणी. नाव घेतलं होतं; पुढे ते मी मनातूनही पुसलं. मी पेन उचलून धरलं आणि माझ्या मनात आलं: हे कागदावर कशाला? आज ओवी आहे, उद्या पुरावा होईल. तिथं मी पहिली 'रुमा झुमा' लिहिली. पुढचं सगळं त्या एका ओळीला झाकायला लिहिलं. एकच ओळ खोटी असती तर उठून दिसली असती.

हे सगळं मी त्याला सांगितलं. 'डाव रचणारे' हा अर्थ मामांनी सांगितल्यावर मी चहा न पिता का उठलो, तेही सांगितलं असतं, पण त्याला जमजुम्मी कोण, हे कुठं माहीत होतं. पुढे एकदा सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे आमच्यासारखेच," आणि विषय सोडून दिला.

त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "गाडी आनली का?"

"आणली."

"चाला मंग. आत्या आहे सालेकशाकडं. बायाइले पूजेत जाऊ देत नाई, पन तिच्या लहानपनी घरात आजा रोज म्हने. तिनं आयकला असन."

आम्ही निघालो. आत्याबाई नव्वदीच्या असतील, चिंचा फोडत बसल्या होत्या. भाच्यानं त्यांना गोंडीत सगळं सांगितलं. मला एकही शब्द कळला नाही. मधूनच 'गुरुजी' ऐकू यायचं आणि त्या चिंचेवरून नजर उचलून माझ्याकडे पाहायच्या. मग मला कळेल अशा बोलीत म्हणाल्या,

"काऊन गा मास्तर, एवढा शिकला, अन् चार नाव लिवाले हात दुखला?"

मी खिशातलं पेन काढलं.

"आता तरी लिवता का?"

भाचा म्हणाला, "आत्या, मी लिवतो."

"तू नोको. यानंच लिवाचा. याच्याच हातानं बिघडला."

त्या म्हणू लागल्या. आवाज चिरका, दात नाहीत, काही शब्द हिरड्यांतच राहायचे. मला चुकायचं नव्हतं, म्हणून मी थांबवायचो, आणि त्या कपाळावर हात मारून पहिल्यापासून सुरू करायच्या. चार वेळा थांबवलं. दुपार कलली. पाचव्या खेपेला आम्ही नाल्याखालून बोडीच्या पारीवर आलो, आणि त्यांनी नाव घेतलं.

ते एका बाईचं नाव होतं. भाच्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. आत्याबाईंनी सांगितलं की ती रांडमुंड होती, पदरी दोन पोरी, आणि तिनं ती बोडी तीन उन्हाळे एकटीनं खोदली. त्या पाण्यावर माझ्या तीन पिढ्यांनी धान पिकवलं. मी नाव लिहिलं, वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. ते नाव मी इथं देत नाही. ते त्यांच्या घरचं आहे. कुठं सांगायचं ते ते ठरवतील.

त्यापुढे आत्याबाईंना आणखी सात नावं आठवली. मग एका जागी अडल्या. पुन्हा पहिल्यापासून आल्या, पुन्हा तिथंच अडल्या. शेवटची चार गेली. "तुमाले सांगतलं तवाच लिवाचं होतं," एवढंच म्हणाल्या आणि चिंचा पुढे ओढल्या.

पुनवेला मी कचारगडला गेलो. त्यानं बोलावलं नव्हतं, फक्त म्हणाला होता, "मी त्या जागी थांबन. काऊन थांबलो ते मी नाई सांगनार." गुहेखालच्या सपाटीवर म्हातारे गोल बसले होते. त्याची पाळी आली. त्यानं पूर्वेकडून सुरुवात केली, बोडीवर त्या बाईचं नाव घेतलं, आणखी सात घेतली, आणि थांबला. सगळे वाट पाहत राहिले. एकानं विचारलं, "का झाला? विसरला का?"

मी उठलो. मला गोंडी येत नाही, म्हणून जशी येते तशा आमच्या बोलीत सांगितलं. कोण मी, काय केलं, का केलं. बांधीचंही सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटत होता. कोणी ओरडलं नाही. मागं बसलेल्या दोघा-तिघांनी आपसात काही म्हटलं, ते मला कळलं नाही.

समोरच्या एका म्हाताऱ्यानं हातानं खूण केली. "झाला ना सांगून? बस मंग." मग भुमक्याकडे वळून त्यांनी त्याला काही विचारलं, कोणत्या नाल्याचं, कोणत्या दिशेचं. बोलणं लांबलं. शेवटी भुमक्यानं येऊन मला सांगितलं की राहिलेल्या चार नावांतल्या एका घराण्याची पोरगी फार पूर्वी छत्तीसगडाकडं, डोंगरगडाच्या पलीकडं दिली होती. तिचा नातू अजून आहे म्हणतात. त्याला कदाचित ठाऊक असेल.

"मिळेल का?" मी विचारलं.

"का मालूम." तो फडक्यात वही गुंडाळत होता. माझ्याकडे पाहिलं नाही. "आयतवारी शाळा नसते ना तुमची?"

"नसते."

"सकारी सहाले निघू. पेट्रोल तुमचा."